परीक्षेविना दहावी: गणिताच्या प्राध्यापिकेचा मंत्रिपदातला एक उन्हाळा

२० एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्र सरकारने दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या दोनच दिवस आधी, १८ एप्रिलला, राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे कोरोना रुग्ण सापडले होते. ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू होती आणि 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. अशा वेळी सुमारे सोळा लाख मुलांना परीक्षा केंद्रांवर बोलावणं कुणालाच शक्य नव्हतं. मूळ वेळापत्रकाप्रमाणे पेपर २९ एप्रिलला सुरू व्हायचे होते. १२ एप्रिलला ते जूनपर्यंत पुढे ढकलले गेले, १४ तारखेला सीबीएसईने आपली दहावी रद्द केली आणि सहा दिवसांनी राज्य मंडळाची दहावीही गेली.

शालेय शिक्षणमंत्री होत्या वर्षा गायकवाड. पुढचे साडेतीन महिने महाराष्ट्रात जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण शिक्षकी पेशातून आलेली व्यक्ती सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर तिला वर्गातलं काय उपयोगी पडतं आणि काय अपुरं पडतं, हे इतक्या थोड्या काळात इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे शिक्षिकेची नजर लागत होती तिथे त्यांचा निर्णय टिकला. जिथे आमदाराचं हत्यार, म्हणजे विधिमंडळ, वापरायला हवं होतं तिथे नुसत्या शासन निर्णयावर भागवलं गेलं आणि तो हायकोर्टात कोसळला.

गायकवाड मूळच्या गणिताच्या प्राध्यापिका. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्या शिकवत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी हे कॉलेज सुरू केलं. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांचं कॉलेज अशी त्याची ओळख. वडील एकनाथ गायकवाड हे धारावीचे आमदार आणि राज्यात मंत्री राहिलेले काँग्रेसचे नेते. २००४ मध्ये मनोहर जोशींचा पराभव करून ते लोकसभेत गेले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत धारावीतून वर्षाताई निवडून आल्या. मग २००९, २०१४ आणि २०१९, असा हा मतदारसंघ सलग चार वेळा त्यांच्याकडे राहिला. २००९ नंतर त्या आधी राज्यमंत्री आणि मग महिला व बालविकास मंत्री झाल्या. ३० डिसेंबर २०१९ रोजी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात शपथ घेतल्यावर त्यांच्याकडे शालेय शिक्षण आलं. जेमतेम अडीच महिन्यांत राज्यातल्या शाळांना कुलुपं लागली.

घराण्यातून आलेली आमदारकी आणि गणिताची प्राध्यापकी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकण्यात अर्थ नाही. या प्रकरणापुरती दुसरी जास्त कामाची आहे.

२०२१ ची गोष्ट २०२० मध्ये सुरू होते. दहावीचे सगळे पेपर झाले होते, फक्त भूगोलाचा राहिला होता. तो २३ मार्चला होता आणि लॉकडाउनमुळे रद्द झाला. एप्रिलमध्ये ठरलं की इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण द्यायचे. त्याच वेळी नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द केली गेली आणि मुलांना पहिल्या सत्राच्या गुणांवर वर चढवलं. त्या वेळी हा निर्णय कुणाला फारसा जाणवला नाही, कारण नववीचा निकाल जन्मभर कुणी विचारत नाही. पण तीच मुलं वर्षभराने दहावीत आली आणि तोच अर्धा निकाल त्यांच्या गुणपत्रकात जाऊन बसला.

सूत्र कसं होतं

२८ मे २०२१ रोजी मूल्यमापनाचं सूत्र जाहीर झालं. प्रत्येक विषयाला शंभर गुण. त्यातले ३० दहावीत वर्षभर झालेल्या लेखी मूल्यमापनाचे, २० गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाचे आणि ५० नववीच्या निकालाचे. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती आणि गुणांची जबाबदारी तिची. निकालाने समाधान न झालेल्यांना पुढे परिस्थिती निवळल्यावर श्रेणीसुधारासाठी दोन संधी.

हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. एक मुलगा धरा, नववीत गणितात ४२ मिळालेला. त्याचे अर्धे, म्हणजे २१, त्याच्या खात्यावर आले. दहावीत तो जागा झाला, ऑनलाइन चाचण्यांत ३० पैकी २५ आणि तोंडी-गृहपाठात २० पैकी १८ मिळवले. बेरीज ६४. हाच मुलगा मार्चपर्यंत घासून बोर्डाला बसला असता तर ऐंशीच्या पुढे गेला असता. दहावीचं वर्ष म्हणजे पोरं बदलण्याचं वर्ष, हे दहावीला शिकवलेला कुणीही सांगेल. त्या मुलाचं नुकसान झालं.

आता एक मुलगी धरा. नववीत तिला ९० होते, तेव्हा शाळा भरत होती. दहावीच्या वर्षात घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. तास बुडाले, चाचण्या अर्ध्याच दिल्या. ३० पैकी १२, २० पैकी १२. नववीचे ४५ धरून बेरीज ६९. हीच मुलगी केवळ दहावीच्या वर्षावर मोजली गेली असती तर ५० पैकी २४, म्हणजे शंभरात ४८ वर अडकली असती.

मला हे सूत्र पटतं ते या दुसऱ्या उदाहरणामुळे. कोरोनाच्या वर्षात मुलांमुलांत सगळ्यात मोठा फरक होता तो घरात स्मार्टफोन असण्या-नसण्याचा. तो फरक सगळ्यांत जास्त कुठे दिसला असता? दहावीच्या वर्षाच्या गुणांत. म्हणून अर्धं वजन त्याआधीच्या, शाळा उघड्या असतानाच्या काळावर टाकणं हा हिशेब जाणत्या माणसाचा वाटतो. धारावीच्या आमदाराला दहा बाय दहाच्या खोलीत एका फोनवर तीन भावंडं कशी शिकतात हे कुणी अहवालात लिहून द्यायची गरज नव्हती. त्या वस्तीत कोरोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला होता, आणि पुढचं वर्षभर ती वस्ती काय सोसत होती ते सगळ्या जगाने पाहिलं.

खोट मात्र होतीच. नववीचे म्हणून जे गुण धरले ते खरं तर पहिल्या सत्राचे, त्या सत्राच्या चाचण्यांचे आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे. शिवाय अंतर्गत गुणांचा हात किती सैल असतो हे महाराष्ट्राने दोनच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. २०१९ मध्ये भाषा विषयांचे २० तोंडी गुण बंद केले तेव्हा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आपटला. केवढी ओरड झाली. ते गुण परत आणले, त्यात भूगोलाची सरासरी आली आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० वर गेला. २०२१ मध्ये तर सगळेच गुण शाळेच्या हातचे. १६ जुलैला निकाल लागला ९९.९५ टक्के. कोकण विभाग शंभर टक्के. आदल्या वर्षी शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारे २४२ होते, या वर्षी ९५७. नव्वदच्या वर एक लाखाहून जास्त मुलं. दुपारी एकला निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळ तासन्‌तास कोलमडून पडलं, त्याचा मनस्ताप वेगळा.

लोकांनी या निकालाची टिंगल केली, ती मला अजूनही बोचते. त्या पोरांनी काही परीक्षा टाळली नव्हती. घरातली माणसं दवाखान्यात असताना त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर त्रिकोणमिती शिकली होती.

मधले अडतीस दिवस

परीक्षा रद्द झाली २० एप्रिलला आणि सूत्र आलं २८ मेला. मधले अडतीस दिवस सोळा लाख घरांत एकच प्रश्न होता, मग आता गुण कशाचे? सीबीएसईने १४ एप्रिलला परीक्षा रद्द करून १ मेला आपली पद्धत जाहीर केली होती. राज्य मंडळाची मुलं नुसती वाट पाहत बसली. परीक्षा रद्द केल्याविरुद्ध पुण्यातून जनहित याचिका गेली आणि २० मेच्या सुनावणीत मुंबई हायकोर्टाने सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. बारावीची परीक्षा घेणार म्हणता, मग दहावीची का नाही, हा कोर्टाचा प्रश्न होता. शिक्षण व्यवस्थेची थट्टा चालवली आहे, इथपर्यंत ताशेरे गेले. सूत्र त्यानंतर आठ दिवसांत आलं. बारावीची परीक्षा जूनच्या सुरुवातीला, सीबीएसईच्या पाठोपाठ, रद्द झाली. परीक्षा न घेण्याच्या मूळ निर्णयात कोर्टाने पुढे हात घातला नाही, तो टिकला.

या उशिराबद्दल बोलताना एक गोष्ट गाळणं माणुसकीला धरून होणार नाही. २८ एप्रिल २०२१ रोजी एकनाथ गायकवाड यांचं कोरोनाने निधन झालं. परीक्षा रद्द होऊन आठ दिवस झाले होते. राज्याच्या शिक्षणमंत्री त्याच आजाराने वडील गमावून पुन्हा बैठकांना बसल्या. तरीही खातं म्हणजे एकटा मंत्री नव्हे. मंडळ आहे, आयुक्तालय आहे, सचिव आहेत. परीक्षा रद्द करण्याची वेळ येऊ शकते हे फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात रुग्ण वाढू लागले तेव्हाच दिसत होतं. पर्यायी सूत्राचा कागद तेव्हाच तयार ठेवायला हवा होता, म्हणजे घोषणा आणि सूत्र एकाच दिवशी देता आलं असतं.

सीईटीचा घोळ

दहावीची परीक्षा दोन कामं करते. मुलगा काय शिकला ते सांगते आणि मुलांची रांग लावते. पहिलं काम सूत्राने बऱ्यापैकी भागवलं. दुसरं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, कारण शाळाशाळांची मोजपट्टी वेगळी. त्यात सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांचे गुण आणखी तिसऱ्याच पद्धतीचे. या सगळ्यांना अकरावीत एकाच यादीत कसं बसवायचं?

याच २८ मेला यावर उत्तर काढलं गेलं. अकरावीसाठी ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, प्रत्येकी २५ गुण, एकूण शंभर. बहुपर्यायी प्रश्न, ओएमआर, दोन तास. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. सीईटी देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य, बाकीच्यांना उरलेल्या जागा. तारीख ठरली २१ ऑगस्ट. दहा लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं. ऐच्छिक असली तरी मागे राहिलो तर चांगलं कॉलेज जाईल ही भीती होतीच.

अकरावी प्रवेश आणि हायकोर्ट यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. २००८ मध्ये वेगवेगळ्या मंडळांचे गुण जुळवण्यासाठी पर्सेंटाइल सूत्र आणलं, ते कोर्टात रद्द झालं. २००९ मध्ये एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा राखून ठेवल्या, तोही निर्णय रद्द. २०१० च्या 'बेस्ट फाइव्ह'ला, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरण्याच्या पद्धतीला, हायकोर्टाने नाकारलं आणि सुप्रीम कोर्टाने तारलं. तीन वर्षांत तीनदा दाराशी ठेचकाळलेलं हे खातं. इतर मंडळांच्या पालकांना न्याय वाटणार नाही असं काही केलं की प्रकरण कोर्टात जातं, हे मंत्रालयातल्या शिपायालाही माहीत असायला हवं. तरी सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर ठेवली गेली, ज्यातला इतिहास-भूगोल आयसीएसईच्या मुलाने कधी पाहिलेलाच नसतो.

१० ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने सीईटीचा शासन निर्णय रद्द केला. परीक्षेला अकराच दिवस उरले होते. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: अशी परीक्षा घेण्याला कायद्याचा आधार नाही, दुसऱ्या मंडळांच्या मुलांवर ती लादता येत नाही, आणि ज्या मुलांचं लसीकरण झालेलं नाही त्यांना परीक्षेसाठी बाहेर काढणं त्यांच्या जिवाशी खेळण्यासारखं आहे. दहावीच्या गुणांवर सहा आठवड्यांत प्रवेश उरका, असा आदेश मिळाला आणि सरकारने तो मानला. अभ्यासाला बसलेली दहा लाख मुलं पुन्हा कोरडी राहिली.

इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते पुढच्या दोन गोष्टींचं.

पहिली म्हणजे रांगेची गरज सगळ्या राज्याला नव्हतीच. अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश तेव्हा मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच भागांत होत. बाकी महाराष्ट्रात गावातल्या किंवा तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळते, बहुतेक ठिकाणी जागाच रिकाम्या राहतात. पाच शहरांमधल्या नामांकित कॉलेजांची डोकेदुखी होती, औषध गडचिरोलीच्या आणि जव्हारच्या पोरालाही पाजायला निघाले.

दुसरी गोष्ट थेट आमदारकीची. कायद्याचा आधार नाही हे कोर्टाने ऑगस्टमध्ये सांगितलं. पण तो आधार देण्याची जागा त्याआधी उघडली होती. ५ आणि ६ जुलैला विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन झालं. दोनच दिवसांचं, त्यात बारा आमदारांच्या निलंबनाने गाजलेलं, तरी अधिवेशनच ते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सीईटीसाठी महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा केलेला आहे, म्हणून इंजिनिअरिंगच्या सीईटीला कुणी असं पाडू शकत नाही. अकरावीच्या परीक्षेसाठी छोटं विधेयक आणता आलं असतं, अधिवेशन नसताना अध्यादेश काढता आला असता. पाच शहरांपुरतं, एका वर्षापुरतं, सर्व मंडळांना समान असलेल्या भागावर. ते कोर्टात टिकलंच असतं अशी हमी कुणी देणार नाही, लसीकरणाचा मुद्दा उरलाच असता. पण निदान सभागृहात चर्चा झाली असती, शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून आलेल्या विधान परिषदेच्या सदस्यांनी खोट तिथेच दाखवली असती. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी सात जागा शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या आहेत. त्या कशासाठी ठेवल्या आहेत? असल्याच प्रश्नांसाठी ना? चार वेळा निवडून आलेल्या आमदाराकडे मंत्री झाल्यावर जीआरपलीकडचा हा रस्ता होता. तो वापरला गेला नाही.

खरं म्हणजे हा एका मंत्र्याचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. शिक्षण खातं वर्षानुवर्षं शासन निर्णयांवरच चालत आलं आहे. शिक्षकांच्या बदल्यांपासून मुलांच्या गणवेशापर्यंत सगळं जीआरवर. एक काढायचा, आठवड्याने शुद्धिपत्रक, महिन्याने अधिक्रमित. शाळांनाही त्याची सवय झाली आहे. दहा लाख मुलांच्या प्रवेशाची परीक्षा त्याच वाटेने काढली गेली, कारण खात्याच्या हाताला दुसरी वाटच वळणाची नव्हती.

२०२२

पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी मंत्र्यांनी तो वेगळ्या रीतीने हाताळला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, २४ जानेवारीपासून उघडू लागल्या. ३१ जानेवारीला धारावीत गायकवाड यांच्या घराजवळ विद्यार्थ्यांचा मोठा जमाव जमला. परीक्षा ऑनलाइन घ्या किंवा रद्द करा ही मागणी. पोलिसांना लाठी चालवावी लागली, आणि मुलांना चिथावल्याबद्दल समाजमाध्यमांवरच्या एका प्रसिद्ध चेहऱ्याला अटक झाली. सोपं काय होतं? आदल्या वर्षीचं सूत्र पुन्हा काढायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

त्यांनी परीक्षा घेतली. पण घेताना मुलांना काय झेपेल याचा हिशेब आधी करून ठेवला होता. अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी. केंद्र शक्यतो स्वतःच्याच शाळेत, म्हणजे एसटी बंद असली तरी पोर पायी पोचेल. त्या हिवाळ्यात एसटीचा संप चालू होता हे लक्षात घ्या, ग्रामीण भागात हा एक निर्णय फार मोठा होता. वर्ष-दीड वर्ष हाताने सलग लिहिण्याची सवय तुटलेली, म्हणून मोठ्या पेपरांना अर्धा तास आणि लहान पेपरांना पंधरा मिनिटं जास्त. ही शेवटची सवलत तर वर्गात उत्तरपत्रिका गोळा केलेल्या माणसालाच सुचते. दोन वर्षं टाइप करत राहिलेल्या मुलाचं मनगट दुसऱ्या तासाला दुखू लागतं आणि येत असलेलं उत्तरही अर्धवट राहतं.

१५ मार्च ते ४ एप्रिल दहावीचे पेपर झाले. १७ जूनला निकाल लागला, ९६.९४ टक्के. अकरावीचे प्रवेश त्याच गुणांवर झाले, सीईटीचं नावही कुणी काढलं नाही.

जूनअखेर सरकार गेलं आणि गायकवाड यांचं शिक्षणमंत्रिपदही. २०२३ मध्ये त्या मुंबई काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून उज्ज्वल निकम यांचा १६,५१४ मतांनी पराभव करून लोकसभेत गेल्या. धारावीची विधानसभेची जागा त्याच वर्षी त्यांच्या बहीण ज्योती गायकवाड यांनी जिंकली. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाला आहे, तेव्हा मुलांची रांग आता पाच शहरांपुरती राहिलेली नाही. बोर्डाची परीक्षा पुन्हा एखाद्या वर्षी घेता आली नाही तर ही राज्यभराची रांग कशाच्या आधारे लावायची, याचा कायदा संकट नसतानाच, भर अधिवेशनात करून ठेवायला हवा.